संशोधनाची प्रतिष्ठा आणि मुलचेऱ्याचा विश्वास

कोरोनाच्या महामारीने जगाला अनेक धडे दिले. त्यांपैकी एका धड्याची चर्चा आपल्याकडे व्हावी तेवढी झाली नाही. शास्त्रीय नियतकालिकात छापून आलेला एखादा शोधनिबंध किती थोड्या दिवसांत कोट्यवधी माणसांच्या उपचारांची दिशा बदलू शकतो, हा तो धडा. निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध होतो, त्यावर जिनिव्हात निर्णय होतो, दिल्लीत मार्गदर्शक सूचना निघतात, त्या मुंबईमार्गे जिल्ह्याला पोहोचतात. आणि शेवटी गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेऱ्यासारख्या अरण्यवेष्टित तालुक्यात आशा स्वयंसेविकेला त्या दारोदार समजावून सांगाव्या लागतात. वरच्या टोकाला झालेल्या चुकीचे मोल खालच्या टोकाला चुकवावे लागते. म्हणूनच संशोधनाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही, तो समाजाचा आहे.

मुलचेरा हा गोंड, माडिया बांधवांचा आणि पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांचा तालुका. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय येथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. हिवताप हा या मुलखाचा जुना वैरी. त्यामुळे क्लोरोक्विनची गोळी येथे घरोघरी परिचयाची. त्याच कुळातील हायड्रॉक्सीक्लोरोक्विन कोरोनावर गुणकारी ठरेल, अशी आशा २०२०च्या आरंभी जगभर निर्माण झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मार्च २०२०मध्ये कोरोना रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना व रुग्णांच्या घरातील निकटवर्तीयांना ही गोळी प्रतिबंधक म्हणून घेण्याची शिफारस केली.

अशा वेळी २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट' या जगद्विख्यात नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालये आणि ९६,०३२ रुग्ण यांच्या नोंदींवरून, या औषधाने लाभ तर नाहीच, उलट मृत्यूचा धोका वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. अवघ्या तीन दिवसांत, २५ मे रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील या औषधाचा विभाग स्थगित केल्याचे जाहीर केले. मात्र अभ्यासकांनी निबंध बारकाईने वाचला तेव्हा त्यातील विसंगती उघड होऊ लागल्या. ऑस्ट्रेलियातील मृत्यूंचा निबंधातील आकडा त्या देशाच्या अधिकृत आकड्याहून अधिक होता! या नोंदी पुरवणाऱ्या 'सर्जिस्फिअर' या अमेरिकी कंपनीने मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी देण्यास नकार दिला आणि ४ जून रोजी तो निबंध मागे घ्यावा लागला. त्याच कंपनीच्या नोंदींवर आधारलेला दुसरा निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'लाही त्याच दिवशी मागे घ्यावा लागला.

या प्रकरणात भारतीय शास्त्रज्ञ मूक राहिले नाहीत, ही अभिमानाची गोष्ट होय. नागपूर विद्यापीठात शिकलेले आणि तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक असलेले डॉ. शेखर मांडे यांनी सहकाऱ्यांसह पत्र लिहून या अभ्यासाच्या सांख्यिकीवर आक्षेप घेतले. तथापि, अभिमानाच्या भरात कथेचा उत्तरार्ध विसरता कामा नये. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने ५ जून २०२० रोजी जाहीर केले की, रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना या औषधाचा काहीही लाभ होत नाही. म्हणजे निबंध खोटा होता. पण म्हणून औषध खरे ठरले नाही. तरीही आपल्या राष्ट्रीय उपचारसूचनांतून ते वगळले गेले, ते सप्टेंबर २०२१मध्ये. प्रतिपक्षाचे खंडन झाले म्हणजे आपले मंडन झाले, असे न्यायशास्त्र मानत नाही. विज्ञानही मानत नाही.

याहून अधिक अंतर्मुख करणारे उदाहरण प्लाझ्माचे आहे. अनुसंधान परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर शिस्तबद्ध चाचणी घेतली. प्लाझ्मा दिल्याने रोगाची तीव्रता वा मृत्यू टळत नाही, हा तिचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२०मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. भर महामारीत, भारतीय डॉक्टरांनी, भारतीय रुग्णांच्या सहकार्याने केलेले हे संशोधन जगाने वाखाणावे असे होते. आणि आपण काय केले? एप्रिल २०२१मध्ये दुसऱ्या लाटेत हजारो कुटुंबे प्लाझ्मादात्याच्या शोधात रात्रंदिवस वणवण करीत होती. उपचारसूचनांतून प्लाझ्मा वगळण्यासाठी १७ मे २०२१ हा दिवस उजाडावा लागला. परदेशातील खोटा निबंध तीन दिवसांत जग हलवतो आणि स्वदेशातील खरा निबंध सात महिने उंबरठ्यावर तिष्ठत राहतो, ही विपरीत स्थिती कोणत्या स्वाभिमानाची द्योतक म्हणायची?

खरे संशोधनही अर्धवट वाचले गेले तर अनर्थ घडवते. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे जून २०२०मध्ये सिद्ध झाले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ नाही, हेही त्याच अभ्यासाने सांगितले होते. ते उत्तरार्धाचे वाक्य अनेकांनी वाचलेच नाही. दुसऱ्या लाटेत स्टिरॉइडचा अनिर्बंध वापर झाला आणि अनियंत्रित मधुमेहाच्या जोडीने म्युकरमायकोसिसने विदर्भासह देशभर कहर माजवला. गोव्यात मे २०२१मध्ये सर्व प्रौढांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली. पुढे दोनच महिन्यांत या औषधाच्या बाजूने सांगितला जाणारा इजिप्तमधील एक प्रमुख अभ्यास संशयास्पद नोंदींमुळे मागे घेण्यात आला.

मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? याचे उत्तर शोधण्यासाठी गडचिरोलीबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. याच जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील अल्पशिक्षित माणसांना बालकांचे श्वास मोजण्यास शिकवले आणि बालन्यूमोनियाचे मृत्यू रोखता येतात, हे दाखवले. तो निबंध १९९०मध्ये 'लॅन्सेट'नेच छापला. १९९९मध्ये त्याच नियतकालिकात ३९ गावांतील घरोघरच्या नवजात बालसेवेचा अभ्यास आला. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे २०११मध्ये हीच पद्धत आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर नेण्यात आली. नियतकालिक एकच! एका निबंधामागे गावे होती, वर्षे होती, प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद होती; दुसऱ्यामागे कोणालाही पाहता न येणारी आकड्यांची रास होती. प्रतिष्ठा मुखपृष्ठाची नसते, पडताळणीची असते.

यातून काही कर्तव्ये निष्पन्न होतात. सार्वजनिक निर्णयाचा आधार ठरणाऱ्या प्रत्येक अभ्यासाची मूळ माहिती तपासणीस खुली असली पाहिजे, हा शासनाचा आग्रह असावा. आपल्याच देशातील चाचण्यांचे निष्कर्ष विनाविलंब सूचनांत उतरले पाहिजेत. सूचना बदलली तर ती का बदलली, हे मराठीत, माडियात, बंगालीत गावकऱ्याला सांगितले गेले पाहिजे. कारण सांगून बदललेला सल्ला विश्वास वाढवतो. न सांगता बदललेला सल्ला अफवांना वाट करून देतो. २०२१मध्ये दुर्गम गावांत लसीविषयी जो संकोच दिसला, तो दूर करण्यास आशा व अंगणवाडी सेविकांना किती पायपीट करावी लागली, हे गडचिरोलीने पाहिले आहे.

आणि कार्यकर्त्यांनी? आपल्या मताला अनुकूल म्हणून एखादा निष्कर्ष पुढे पाठवण्यापूर्वी तो कोणी, किती जणांवर, कसा तपासला, एवढे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. सिद्धान्तापूर्वी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडणे ही या देशाची ज्ञानपरंपरा आहे. पुढची महामारी केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती येईल तेव्हा मुलचेऱ्यातील माता आशाताईच्या हातातील गोळीकडे विश्वासाने पाहील की संशयाने, हे आज आपण सत्याशी किती प्रामाणिक राहतो, यावर ठरणार आहे.