पडशीवाला कोण?

माणसाच्या कामास उत्तर देतां आलें नाहीं, म्हणजे त्याच्या गांवाची चौकशी सुरू होते. "तूं कोठला? येथें तुझें काय काम?" असें म्हटलें, कीं मूळ प्रश्न बाजूस पडतो. अमेरिकेंतील एका शिवीची हकीकत आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं यासाठींच समजून घ्यावी. ती शिवी 'कार्पेटबॅगर', म्हणजे आपल्या बोलींत पडशीवाला.

तिकडे १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालें. दक्षिणेचे मळेवाले हरले व गुलामगिरी कायद्यानें संपली. मग उत्तरेकडून शिपाई, शिक्षक, वकील, व्यापारी दक्षिणेंत आले. त्या काळीं प्रवासी गालिच्याच्या कापडाची स्वस्त पिशवी वापरीत. तिच्यावरून दक्षिणेच्या गोऱ्या पुढाऱ्यांनीं त्यांस हें नांव ठेविलें. अर्थ असा, कीं एक रिकामी पिशवी घेऊन हे मुलूख लुटावयास आले.

त्यांत लोभी मुळींच नव्हते असें नाहीं. लुइझियानाचा गव्हर्नर वॉर्मथ हा इलिनॉयचा. त्याजवर लांचलुचपतीचे आरोप झाले व १८७२ सालीं महाभियोगही आला. पण ओहायोचा आल्बियन टूर्जी हाही पडशीवालाच ठरला! नॉर्थ कॅरोलायनाची १८६८ ची राज्यघटना करण्यांत तो होता. तिनें सर्व मुलांसाठीं मोफत शाळांची तरतूद केली. आगगाडींत काळ्यांना वेगळा डबा असावा काय, या १८९६ च्या खटल्यांतही तो काळ्यांच्या बाजूनें लढला. वॉर्मथ व टूर्जी यांस एकाच शिवीनें झांकणें हीच तिची करामत.

खरा घाव मात्र उपऱ्यांवर नव्हताच. मिसिसिपींत काळ्यांची वस्ती निम्म्याहून अधिक. त्यांच्या मतांवर मेनचा अ‍ॅडेलबर्ट एम्स गव्हर्नर झाला. १८७५ च्या निवडणुकींत हत्यारबंद टोळ्यांनीं काळ्या मतदारांना धाक घातला, कित्येकांचे प्राण घेतले. १८७६ सालीं एम्सनें राजीनामा दिला. तो परत जाऊं शकला. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातींत कापूस वेचणारे कोठें जाणार? १८९० च्या घटनेनें मतपट्टी व वाचनाची अट घालून त्यांचें मत हिरावलें. तें पुरतें परत मिळण्यास १८६५ नंतर शंभर वर्षें, म्हणजे १९६५ चा कायदा, लागला. शिवी परक्यास दिली आणि लुटलें घरच्या कष्टकऱ्यास!

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें, तीं हींच वर्षें. तो उपकार करणारेही दूर मुलुखाचेच होते.

आजही तिकडे दुसऱ्या प्रांतांतून उभा राहणाऱ्यास हेंच नांव मिळतें. १९६४ सालीं रॉबर्ट केनेडीस न्यूयॉर्कांत मिळालें, तरी तो निवडून आला. आपल्याकडेही मतें मागावयास कोणी बाहेरचा आला, तर त्याची झडती जरूर घ्यावी. त्यानें काय आणलें, काय नेलें, कोणाच्या पैशावर आला, हें विचारावें. मात्र तेच प्रश्न गांवच्या सावकारास व पुढाऱ्यासही विचारावे. आणि "उपरा, उपरा" अशी ओरड जो सर्वांत मोठ्यानें करतो, त्याची पडशी आधीं उघडावी.