विश्लेषण : नवा कोरा कॉम्प्युटर, तरी सारखा बंद का पडतो? रॅमचा दोष ओळखायचा कसा?

सुटे भाग आणून जोडलेला नवा डेस्कटॉप सुरूच न होणे, झालाच तर काम करताना अचानक बंद पडणे, ही तक्रार नवी नाही. मात्र रॅमचे भाव भडकल्यापासून तिची किंमत वाढली आहे. पूर्वी ‘रॅम बदलून बघू’ हा सोपा उपाय होता. आता तोच सर्वांत महागडा ठरू शकतो. शिरूर, दौंडसारख्या ठिकाणी, जिथे एखादा सुटा भाग बदलून आणायचा म्हणजे पुण्याची एक फेरी ठरलेली, तिथे दोष नेमका कुठे आहे हे आधी कळणे महत्त्वाचे आहे.

रॅम एवढी महाग का झाली?

जगातील बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी ‘एचबीएम’ ही अतिवेगवान मेमरी त्याच कारखान्यांत तयार होते. मायक्रॉनच्याच सांगण्यानुसार तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या डीडीआर ५ च्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. साहजिकच घरगुती कॉम्प्युटरच्या वाट्याला कमी चिप येतात. रॉयटर्सच्या वृत्तानुसार ३२ जीबी डीडीआर ५ मॉड्यूलचा सॅमसंगचा घाऊक करारदर सप्टेंबर २०२५ मध्ये १४९ डॉलर होता, तो नोव्हेंबरमध्ये २३९ डॉलर झाला. त्यानंतर ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने होणारी किरकोळ ग्राहकांची विक्रीच बंद करत असल्याचे जाहीर केले. आधी विकलेल्या मालाची वॉरंटी मात्र सुरू राहील, असे कंपनीने स्पष्ट केले आहे. हे नाव आपल्याकडील असेंबल कॉम्प्युटरमध्ये नेहमी दिसणारे, त्यामुळे ही नोंद कामाची.

याच सुमारास, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत सेवा संपली आणि जुनी यंत्रे बदलण्याची गरजही वाढली.

रांजणगाव शिरूर तालुक्यातच आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टरला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. २९७ एकर जागा आणि ४९२.८५ कोटींचा प्रकल्पखर्च. एलजी, व्हर्लपूलसारख्या कंपन्या तिथे आधीपासून आहेत. पण तो सगळा घरगुती उपकरणांचा पसारा. मेमरी चिपसाठी रांजणगावच्या शेजारचा ग्राहकही कोरिया-अमेरिकेवरच अवलंबून.

मेमरीत चूक होते म्हणजे नेमके काय होते?

रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे विद्युतभार साठवणारी एक अतिसूक्ष्म कोठी. भार असला तर १, नसला तर ०. हा भार सतत गळत असतो, म्हणून सेकंदाला अनेक वेळा तो पुन्हा भरावा लागतो. १६ जीबी रॅममध्ये अशा सुमारे १३ हजार ७४४ कोटी कोठ्या असतात. त्यातील एकच कोठी कच्ची निघाली तरी पुरते.

१ चा ० झाल्याने काय बिघडते, याचे गाजलेले उदाहरण बेल्जियममधील. मे २००३ च्या निवडणुकीत शारबेक येथे एका महिला उमेदवाराला ४,०९६ मते जास्त मिळाली. मतांची संख्या शक्य होती त्यापेक्षा अधिक निघाली, म्हणून चूक लक्षात आली. ४,०९६ म्हणजे २ चा बारावा घात. अर्थात एकच बिट उलटला होता. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हे झाले असावे, असा तर्क तेव्हा मांडला गेला. मात्र प्रत्येक वेळी दोष आकाशाला देता येत नाही. गुगलच्या हजारो सर्व्हरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या आणि त्यातील बहुतेक चुका किरणांमुळे नव्हे, तर हार्डवेअरच्याच दोषामुळे असाव्यात, असा निष्कर्ष निघाला.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये चूक पकडणारी यंत्रणा सहसा नसते. डीडीआर ५ मध्ये चिपच्या पोटातच छोटी दुरुस्ती करण्याची सोय आहे, पण चिप आणि प्रोसेसर यांच्यातील वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. विक्रेत्याने ‘यात ईसीसी आहे’ असे सांगितले तर तो बहुधा या आतल्या सोयीबद्दल बोलत असतो. सर्व्हरमधील खरे ईसीसी वेगळे.

लक्षणे कोणती?

कॉम्प्युटर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामात बंद पडतो आणि प्रत्येक वेळी नवाच संदेश दाखवतो, हे सर्वांत बोलके लक्षण. हा पडदा वर्षानुवर्षे निळा होता, २०२५ पासून विंडोज ११ मध्ये तो काळा झाला आहे. त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट’ असे शब्द असतील तर संशय बळावतो. झिप फाइल उघडताना ‘फाइल खराब आहे’ असे येणे आणि तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर नीट उघडणे, विंडोज टाकतानाच मध्येच अडकणे, हीदेखील लक्षणेच.

याहून वाईट म्हणजे काहीच लक्षण न दिसणे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, हिशेब लिहिणारा किंवा ऑनलाइन अर्ज भरून देणारा केंद्रचालक फाइल सेव्ह करतो, तेव्हा रॅममधला बिघडलेला मजकूरच डिस्कवर जातो. त्याची बॅकअप प्रतही मग बिघडलेलीच असते. म्हणून मेमरीचा संशय आला की आधी त्या यंत्रावरचे महत्त्वाचे काम थांबवावे, नव्या फाइल जुन्या बॅकअपवर चढवू नयेत.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला तर?

थांबावे. डीडीआर ५ चे नवे यंत्र पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेतो, सिग्नलचा नेमका वेळ आणि व्होल्टेज तपासतो. याला काही मिनिटे लागतात, रॅम जास्त असेल तर दहा-पंधराही. तेवढा वेळ पंखे फिरतात, पडदा मात्र काळा. घाबरून बटण दाबले की ही प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून. ‘बोर्ड गेला’ म्हणून माघारी पाठवलेल्या काही यंत्रांत एवढेच कारण असू शकते.

तरीही चालू झाले नाही तर मदरबोर्डवरील छोटे दिवे पाहावेत. बहुतेक नव्या बोर्डांवर ‘डीरॅम’ असे लिहिलेला दिवा असतो. तो पेटून राहिला असेल तर स्विच बंद करून, वायर काढून रॅम पुन्हा बसवावी. दोन्ही टोकांना ‘टक्’ असा आवाज यायला हवा. अर्धवट बसलेली रॅम हे नव्या जोडणीतील सर्वांत साधे आणि नेहमीचे कारण आहे. चार खाचा असलेल्या बोर्डावर दोनच रॅम लावायच्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या दोन खाचा शेजारी-शेजारी भरणे ही हमखास होणारी चूक.

रॅमची टोके खोडरबरने घासण्याचा उपाय आपल्याकडे गावोगावी माहीत आहे. जुन्या, गंजू लागलेल्या रॅमवर तो लागू पडतोही. नव्या रॅमवर घासण्यासारखे काही नसते, उलट रबराचा भुगा खाचेत जाऊन नवे दुखणे मागे लागते.

सुरू होतो, पण मध्येच बंद पडतो. मग?

इथे बहुतेकांची दिशा चुकते. खोक्यावर ‘६०००’ लिहिलेले असते, तो वेग हमीचा आहे असे वाटते. तो प्रत्यक्षात ओव्हरक्लॉकिंगचा वेग आहे. इंटेलच्या ‘एक्सएमपी’ किंवा एएमडीच्या ‘एक्सपो’ या सेटिंगने तो मिळतो आणि त्यासाठी डीडीआर ५ चे मूळ १.१ व्होल्ट वाढवून साधारण १.३५ ते १.४ केले जातात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची अधिकृत मर्यादा दोन रॅमसाठी ५२०० आहे. चार रॅम लावल्या तर ती थेट ३६०० वर येते. म्हणजे ‘पुढे पैसे आले की अजून दोन टाकू’ हा मध्यमवर्गीय हिशेब इथे अंगलट येऊ शकतो. १६ जीबीच्या दोन रॅम ८ जीबीच्या चार रॅमपेक्षा बऱ्या.

म्हणून पहिले पाऊल : बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करावे. त्रास थांबला तर रॅम खराब नाही, वेग झेपत नाही एवढेच. वेग थोडा उतरवून किंवा बायोस अद्ययावत करून काम भागते. बायोस अद्ययावत करताना मात्र यंत्र यूपीएसवर असलेच पाहिजे. वळवाच्या पावसात वीज नेमकी त्याच पाच मिनिटांत गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबायचे असेल तर तो ‘यूपीएस’ मोडवर आहे का हे आधी पाहावे. साध्या मोडवर बदल होण्यास लागणाऱ्या क्षणभरातच कॉम्प्युटर बंद पडतो. अशा झटक्यांनी विंडोजच्या फाइल बिघडतात आणि लक्षणे रॅमच्या दोषासारखीच दिसतात.

त्रास थांबला नाही तर चाचणी. विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक वरवरचे आहे. ‘मेमटेस्ट८६’ची मोफत आवृत्ती किंवा मुक्तस्रोत ‘मेमटेस्ट८६+’ पेन ड्राइव्हवर टाकून यंत्र त्यावरून सुरू करावे आणि रात्रभर चालू ठेवावे. इथे पास-नापासचे गणित परीक्षेसारखे नाही. एक चूक दिसली तरी नापास.

दोष रॅमचा की बोर्डाचा, हे कसे ठरवायचे?

एका वेळी एकच रॅम, एकाच खाचेत. पहिली रॅम दुसऱ्या खाचेत लावून चाचणी, मग त्याच खाचेत दुसरी रॅम. चूक एकाच रॅमबरोबर फिरत असेल तर दोषी तीच. दोन्ही रॅम एका खाचेत चालतात आणि दुसरीत चुकतात, तर खाच, बोर्ड किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधील वाकलेली पिन. कूलर एका बाजूने जास्त कसला गेल्यानेही मेमरीची एक वाहिनी गायब होते. तो सैल करून पुन्हा समान बसवल्यावर ती परत आल्याचे अनुभव अनेक आहेत. दोन्ही एकेकट्या चालतात आणि एकत्र अडखळतात, तर त्या बहुधा वेगवेगळ्या जोडीतील आहेत.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे यंत्रही ऑक्टोबर २०२२ मध्ये असेच अधूनमधून कोसळू लागले. आधी त्यांना सॉफ्टवेअरचाच संशय आला होता, निघाली खराब रॅम. दोन वर्षांहून अधिक काळ ते यंत्र नीट चालले होते. नवी रॅम येईपर्यंत त्यांना लॅपटॉपवर काम करावे लागले.

विक्रेत्याने हात वर केले तर?

चाचणीच्या पडद्याचा तारखेसह फोटो, रॅमवरील सिरियल क्रमांक आणि जीएसटीचे बिल, या तीन गोष्टी जपाव्यात. बिल न घेता थोडे पैसे वाचवणे आज परवडणारे नाही, कारण अनेक ब्रँडच्या रॅमवर दीर्घ मुदतीची वॉरंटी असते आणि बदलून मिळालेली रॅम बाजारभावाने विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. भाव वाढल्यावर वापरलेला किंवा बनावट माल नवा म्हणून खपण्याची शक्यताही वाढते. खोक्यावरचा क्रमांक आणि रॅमवरचा क्रमांक जुळतो का, हे दुकानातच पाहावे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. म्हणजे रॅम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली असली तरी दौंडच्या ग्राहकाला मुंबई गाठावी लागत नाही, पुण्यात दाद मागता येते. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. फक्त ती संशयातल्या यंत्रावर न लिहिता मोबाइलवरून लिहिलेली बरी.