पहिला अंदाज सोडता आला पाहिजे

सकाळच्या चहाबरोबर शब्दकोडे सोडवण्याची जुनी सवय आता मोबाइलवर आली आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जून २०२३ मध्ये सुरू केलेले ‘कनेक्शन्स’ हे असेच एक कोडे. समोर १६ शब्द असतात. त्यांचे चार-चारचे चार गट लावायचे. चौथी चूक झाली की खेळ संपला. पिवळा गट सर्वांत सोपा, जांभळा सर्वांत अवघड.

यातली खरी मेख दुहेरी अर्थाच्या शब्दांत असते. ‘गजरा, वेणी, माळ, हार’ हा गट मराठी माणूस डोळे झाकून लावेल. पण पलीकडे ‘पराभव, पीछेहाट, पाडाव’ हे शब्द असतील, तर ‘हार’ तिकडचाही असू शकतो. म्हणून एका गटात पाच शब्द बसताना दिसले, की घाई करू नये. दुसरीकडे कुठेच न बसणारा शब्द आधी शोधावा. शब्दांची जागा बदलून पाहावी. अडल्यास मोबाइल बाजूला ठेवून तासाभराने परत यावे.

पहिल्या अंदाजाला चिकटून राहणे हा मेंदूचा स्वभावच आहे. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लचिन्स यांनी १९४२ मध्ये पाणी मोजण्याच्या कोड्यांतून तो दाखवून दिला. एक लांबलचक रीत अंगवळणी पडलेल्यांना नंतर सोपी रीत समोर असूनही दिसेना. कोड्यातला आयता ‘क्लू’ पाहिला, की हा अडथळा ओळखून पार करण्याची संधीच हुकते.

मात्र, ‘रोज कोडे सोडवा, विसरभोळेपणा टाळा’ हा प्रचार जपूनच घ्यावा. सरावाने माणूस मुख्यतः त्याच प्रकारच्या कोड्यात तरबेज होतो. ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीला फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, व्यायामाचा अभाव आणि एकाकीपणा आहे.

तेव्हा कोडे आनंदासाठी जरूर सोडवावे, शक्यतो घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन. पण घरातल्या आजोबांना ऐकू कमी येत असेल, तर नवे ॲप देण्याआधी त्यांचे कान तपासून घ्यावेत.