बाळाला लस, आईचं काय?

सांगली जिल्ह्यात सोनोग्राफी म्हटलं की म्हैसाळ आठवतं. मार्च २०१७ मध्ये तिथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपण लढलो. महाराष्ट्राचा १९८८ चा कायदा त्याच लढ्यातून आला. आता त्याच यंत्राच्या योग्य वापराचीही मागणी आपणच करायला हवी.

कुपवाडच्या एमआयडीसीत राबणाऱ्या बाईचं पोट तपासलं जातं ते बहुधा गरोदरपणातच. तेव्हा रक्तात हिपॅटायटिस-बी आढळला, तर बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस द्यायची असते. ते योग्यच. पण आईचं काय? बाळंतपण झालं की तिच्याकडे लक्ष द्यायचं कारण संपतं! हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं राहू शकतो. त्यातून कर्करोग होऊ शकतो, कधी सिरॉसिस नसतानाही. लहान गाठ सहसा दुखत नाही. म्हणूनच जोखीम असलेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, असं वैद्यकशास्त्र सांगतं. संशय आला तर शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करतात. त्यात अशी गाठ बहुधा आधी उजळते, मग भोवतालच्या यकृतापेक्षा गडद दिसते.

आता अशा गाठी ओळखायला संगणकालाही शिकवलं जात आहे. स्वागत आहे. पण जिचं चित्रच कुणी काढलं नाही, तिची गाठ संगणक कुठून शोधणार?

२०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हिपॅटायटिसची तपासणी व औषधं मोफत आहेत. मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत एकमेकींचे जुने रिपोर्ट विचारूया. आणि मागूया, बाळाच्या लसीच्या तारखेशेजारी आईच्या तपासणीचीही तारीख.