पकड कोणाची?

थंडी पडू लागली की कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात प्रकाशझोतातील कबड्डी स्पर्धांचे फलक दिसू लागतात. आम्ही ठाकुर्लीचे. एकेकाळी रेल्वेला वीज पुरवणारे आणि पुढे बंद पडलेले चोळे वीजगृह, रेल्वेची वसाहत आणि तिच्या आसपासची मोकळी मैदाने हा आमचा परिसर. अशाच एका स्पर्धेचा सामना पाहून परतताना आमच्यासोबतच्या मराठीच्या विद्यार्थ्याला आम्ही सहज विचारले, "काय पाहिलेस?" त्याने तीन चढाया क्रमवार सांगितल्या. चढाईपटू कुठून आत शिरला, कोणाला हुलकावणी दिली, कसा निसटला, सारे काही. त्याचे सांगणे चांगले होते. मात्र सामना ज्या शेवटच्या पकडीने फिरला तिच्याविषयी तो एवढेच म्हणाला, "आणि मग त्याला पकडला." कोणी पकडला, ते त्याला सांगता येईना. खरे सांगायचे तर आम्हालाही सांगता आले नाही.

त्या न सांगता येण्याविषयी हा लेख आहे. खेळाविषयीचा लेख साहित्याच्या अभ्यासकांपुढे कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमचे म्हणणे असे की प्रश्न खेळाचा कमी आणि कथनाचा अधिक आहे. ज्याचे काम रोखण्याचे, थांबवण्याचे, वाट पाहण्याचे आहे, त्याची कारकीर्द कोणत्या भाषेत सांगायची?

कबड्डीचा चढाईपटू हा कथेचा जन्मसिद्ध नायक आहे. तो एकटा मध्यरेषा ओलांडतो, परक्या प्रदेशात शिरतो, तीस सेकंदांच्या मुदतीत दम टिकवतो आणि गुण घेऊन घरी परततो. प्रयाण, संकट आणि प्रत्यागमन हा ज्ञात कथाबंध त्याला आयता मिळतो. बचावपटूला असा प्रवास नाही. तो आपल्याच अंगणात उभा असतो, शेजाऱ्याचा हात धरून. चढाईमागून चढाई तो फक्त मागेपुढे सरकतो. डाव्या कोपऱ्यातला खेळाडू चढाईपटूच्या पायाकडे पाहत असतो. तो पाय निदान रेषेच्या आत किती आला, बोनस रेषेकडे वळतो आहे की नाही, वजन कोणत्या टाचेवर आहे, याचा हिशेब त्याच्या मनात चालू असतो. शंभरातल्या नव्वद वेळा या हिशेबाचे दृश्य फळ काहीच नसते. चढाईपटू रिकाम्या हाताने परत जातो आणि समालोचक पुढच्या चढाईकडे वळतो. रिकामी चढाई हे बचावाचे यश असते, परंतु आपल्या भाषेत तिचे नावच 'रिकामी'.

आता पकडीचा क्षण घेऊ. कोपऱ्यातल्या खेळाडूने घोट्याला हात घातला. त्याच क्षणी मध्यरक्षकाने कमरेला मिठी मारली, दुसऱ्या बाजूच्या साखळीने मध्यरेषेकडची वाट बंद केली आणि चौघांच्या ओझ्याखाली चढाईपटू थांबला. गुण एक. गुणतक्त्यात तो एका नावापुढे जमा होतो. उलट पकड फसली आणि चढाईपटू सगळ्यांना ओढत मध्यरेषेला पोचला, तर ज्यांचा ज्यांचा त्याला स्पर्श झाला ते सारे बाद. यशाचे श्रेय एकाच्या खात्यात आणि अपयशाची शिक्षा सर्वांना, अशी ही विलक्षण हिशेबपद्धती आहे. सामुदायिक कामाच्या श्रेयाविषयी विचार करणाऱ्या कोणाही समीक्षकाला येथे थबकावेसे वाटले पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पकड झाली की आपला एक बाद गडी मैदानात परततो. आपली बोलीभाषा त्याला 'जिवंत झाला' असेच म्हणते. पकड करणारा प्रतिस्पर्ध्याला मारतो आणि त्याच कृतीने बाहेर बसलेल्या सहकाऱ्याला जिवंत करतो. या दुहेरी क्रियेला मराठीत शब्द आहे, कथा मात्र नाही.

उदाहरण म्हणून ठाणे जिल्ह्याच्याच गिरीश इर्नाकची कारकीर्द पाहू. डाव्या कोपऱ्यातला हा खेळाडू, घोटा पकडण्यात वाकबगार. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यात तो बंगाल वॉरियर्स, पुणेरी पलटण आणि गुजरात जायंट्स अशा संघांकडून खेळला. त्याचे २०१८ हे एकच वर्ष घेतले तरी पुरे. जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असे हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्या संघात गिरीश होता. जूनमध्ये दुबईच्या मास्टर्स स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला ४४-२६ असे नमवले. तेथेही तो होता. ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारत आधी दक्षिण कोरियाकडून एका गुणाने आणि मग उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. १९९० साली बीजिंगला कबड्डीचा आशियाई स्पर्धेत समावेश झाल्यापासून पुरुषांचे सुवर्णपदक प्रथमच भारताच्या हातून गेले. त्या कांस्यविजेत्या संघातही गिरीश होता. ऑक्टोबरमध्ये लीगचा सहावा हंगाम सुरू झाला तेव्हा तो पुणेरी पलटणचा कर्णधार होता.

दहा महिन्यांत राज्याचे शिखर, देशाचा विजय, ऐतिहासिक पराभव आणि नेतृत्व! एखाद्या चढाईपटूच्या वाट्याला असे वर्ष आले असते तर आपण त्याला नाट्य म्हटले असते. मागील परिच्छेद मात्र वाचकांनी पुन्हा वाचावा. आम्ही काय लिहिले? "त्या संघात होता", "तेथेही तो होता", "संघातही होता". सारी क्रियापदे असण्याची, करण्याची एकही नाही. हा आमच्याच लेखणीचा दोष आहे आणि तो आम्ही मुद्दाम तसाच ठेवला आहे. बचावपटूविषयी लिहू लागले की मराठी गद्य असे हजेरीपटावर येऊन थांबते.

हा दोष केवळ मराठीचा आहे असेही नाही. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराला, चेंडू फेकण्याआधीच मागच्या मागे लोळवणे याला 'सॅक' म्हणतात. हा शब्द रूढ करणाऱ्यांत डीकन जोन्स या बचावपटूचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९६१ ते १९७४ या काळात तो खेळला. गंमत अशी की तेथील राष्ट्रीय लीगने सॅकची अधिकृत मोजदाद सुरू केली ती १९८२ साली. म्हणजे ज्याने कृतीला नाव दिले, त्याच्या अधिकृत खात्यात ती एकही जमा नाही. पुढे काही हौशी संशोधकांनी जुन्या सामन्यांचे कागद आणि चित्रफिती वर्षानुवर्षे तपासून १९६० पासूनच्या सॅक मोजल्या आणि २०२१ मध्ये ती अनधिकृत यादी सर्वांसमोर आली. त्यांच्या हिशेबात एक बारकावा आहे, तो आम्हाला फार आवडतो. दोघांनी मिळून सॅक केली तर प्रत्येकाला अर्धी मिळते. अपूर्णांकात का होईना, दुसऱ्या हाताची नोंद तेथे होते.

योगायोग असा की ज्या १९८२ साली तिकडे ही मोजदाद सुरू झाली, त्याच सालच्या जानेवारीत मुंबईतला गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणगावातल्या व्यायामशाळा, मंडळे आणि कामगारांचे संघ यांच्यावर मराठी कबड्डी पोसली होती. गिरण्या गेल्या, तशी ती वस्तीही हळूहळू पांगली; काही माणसे मध्य रेल्वेच्या मार्गाने आमच्या बाजूला आली. त्यांच्या पकडी कोणी मोजल्या नाहीत. त्यांच्या कारकिर्दी आज कोणत्याही कागदावर नाहीत. आहेत त्या फक्त दुखऱ्या गुडघ्यांत आणि उरलेल्या सोबत्यांच्या आठवणींत.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की बाजाराने बचावपटूची किंमत केव्हाच ओळखली आहे, मग ही तक्रार कशाला? आक्षेपात तथ्य आहे. लीगच्या लिलावात एक कोटीचा आकडा सर्वप्रथम गाठला तो २०१८ मध्ये इराणच्या फझल अत्राचलीने, आणि तो डाव्या कोपऱ्यातला बचावपटू आहे. २०२३ च्या लिलावात त्याचाच देशबांधव मोहम्मदरझा शादलुई याच्यासाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले. पलटणने तो हंगाम जिंकलाही. समीक्षेच्या आधी बाजाराला हे कळले, याची आपल्याला थोडी लाज वाटायला हरकत नाही. परंतु किंमत म्हणजे कथन नव्हे. लिलावाचा आकडा पकडीची गरज सांगतो. पकड कशी घडली, तिच्यामागे किती रिकाम्या चढायांची वाट पाहणे होते, हे तो सांगत नाही. शिवाय हा पैसा मोजक्यांचा. उरलेल्यांची कारकीर्द अजूनही एखाद्या आस्थापनेच्या संघातील नोकरीवर उभी असते आणि एका सांध्याच्या दुखापतीने संपते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो घेतला. ते म्हणाले, "मराठी परंपरेला अनामिकाचे वावडे नाही. पोवाड्यात शाहिराचे नाव होते, झीलकऱ्यांचे नसते. जात्यावरच्या ओव्या कोणी रचल्या हे कोणी विचारत नाही. बचावपटूला झीलकरी म्हणा आणि त्याचे अनामिकपणच गौरवा." युक्तिवाद मोहक आहे. आम्हीही काही काळ त्याच्या मोहात होतो. पण तो टिकत नाही. ओवी रचणाऱ्या बाईला नाव नको होते असे आपण तिला न विचारताच ठरवून टाकले आहे. अनामिकपणाचा गौरव सहसा नाव असलेले लोकच करतात. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलाला विचारा, त्याला आपले नाव फलकावर हवेच असते. आणि त्यात काही वावगे नाही. प्रश्न नाव पुसण्याचा नाही, एका नावाशेजारी उरलेली तीन नावे लिहिण्याचा आहे.

यासाठी शब्द बाहेरून आणावे लागणार नाहीत. कोपरारक्षक, मध्यरक्षक, साखळी, पट काढणे, घोटा धरणे, सूर मारणे, लोण चढवणे, अव्वल पकड ही परिभाषा मैदानावर आणि मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर घडली आहे. हुतूतूचे नियम पुण्यात आणि बडोद्यात गेल्या शतकाच्या पहिल्या पाव भागात लिहिले गेले. बुवा साळवींसारख्या माणसांनी हा खेळ देशभर नेला आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. एवढी परंपरा असूनही आज मातीची जागा मॅटने घेतली, समालोचन हिंदी-इंग्रजीकडे सरकले आणि वीस वर्षांची मुले 'टॅकल', 'डॅश' आणि 'ब्लॉक' असेच म्हणतात. भाषा बदलते, त्याचे दुःख आम्ही करत बसणार नाही. पण 'टॅकल' या एका शब्दाखाली सात वेगवेगळ्या कृती गडप झाल्या, तर त्या कृतींचे वर्णन करण्याची क्षमताही जाईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठीचे विभाग विद्यार्थ्यांकडून दरवर्षी प्रकल्प लिहून घेतात. त्यांतले पुष्कळसे एकमेकांची नक्कल असतात, हे आपण सारेच जाणतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली, परळ येथील विद्यार्थ्यांनी त्याऐवजी आपल्या वस्तीतला एक निवृत्त बचावपटू गाठावा आणि त्याला एकच पकड सविस्तर सांगायला लावावी. कोण कुठे उभे होते, पहिला हात कोणाचा, दुसरा कोणाचा, कोणी वाट अडवली, त्या पकडीने कोण जिवंत झाला. विद्यार्थ्याने ती अशी लिहावी की कर्ता चौघेही राहतील आणि वाक्य मोडणार नाही. मराठी वाक्यरचनेची याहून कठीण परीक्षा आम्हाला ठाऊक नाही.

आमच्यापुरती सुरुवात आम्ही केली आहे. त्या रात्रीच्या सामन्यातली पकड कोणाची, हे विचारायला आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच विद्यार्थ्याला घेऊन मैदानावर गेलो. डाव्या कोपऱ्यातला मुलगा भेटला. तो म्हणाला, "घोटा माझ्या हातात होता, पण मला सुटल्यासारखा वाटला. धरून ठेवला तो मधल्याने." मधला शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "नाही, ह्यानेच धरला होता." दोघांपैकी कोणीही मागे हटेना. विद्यार्थ्याने वहीत दोन्ही नावे लिहिली.