पैसे पार्टचे नाही, फॉल्ट शोधण्याचे घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या पिकअपचं वायरिंग बघितलं. मीटर कुठे लावायचा, अर्थ कसा तपासायचा, ते सगळं तिथे आहे. इथे धंद्याचं बोलू. माझं मत सरळ आहे. जो वायरिंगवाला फॉल्ट शोधायचे पैसे घेत नाही तो स्वतः तोट्यात जातोच, वर गिऱ्हाइकाची गाडीही बिघडवतो.

खेडचंच उदाहरण घ्या. इथल्या पिकअप आंबा वाशीला नेतात, हर्णैची मासळी चढवतात, लोट्याच्या एमआयडीसीत फेऱ्या मारतात. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. मासळीच्या क्रेटमधून खारं पाणी चेसिसवर गळतं. जुलै २०२१ मध्ये जगबुडीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तसं पाणी एकदा गाडीच्या कनेक्टरमध्ये गेलं की तांब्यावर हिरवा थर चढतो आणि त्रास कित्येक महिन्यांनी सुरू होतो. म्हणजे इथे वायरिंगचं काम कधी कमी पडणार नाही. तरी बरेच वायरिंगवाले महिनाअखेर रिकाम्या हाताने घरी जातात. का?

एक नेहमीचा फॉल्ट बघा. इंडिकेटर लावला की मागचा टेल लॅम्पही लुकलुकतो. बहुतेक वेळा मागच्या लाइटची अर्थ गेलेली असते. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. दुरुस्ती काय? बोल्ट खोला, गंज घासा, नवा लग लावा, घट्ट आवळा, वर ग्रीस. सामान वीस-तीस रुपयांचं. पण तो बोल्ट शोधायला दीड तास गेला, त्याचं काय?

इथे आपला माणूस अडखळतो. "पॉलिश पेपर मारायचे पाचशे?" असं कोणी म्हणेल या भीतीने तो नवा फ्लॅशर, नवा होल्डर लावतो आणि त्यातून मजुरी काढतो. नाहीतर फॉल्ट शोधत बसण्यापेक्षा डायरेक्ट वायर ओढून मोकळा होतो. तपासणी फुकट ठेवली की पैसे पार्टमधून काढावे लागतात. माणूस प्रामाणिक असला तरी हिशोबच त्याला तिकडे ढकलतो.

याचा शेवट कुठे होतो तेही बघा. हेडलाइटचे साधे बल्ब अप्परला ६० वॅटचे. १२ व्होल्टवर दोन्ही मिळून साधारण १० अँपिअर. लाइट मंद पडते म्हणून कोणी १०० वॅटचे बल्ब टाकतो. आता जवळपास १७ अँपिअर त्याच जुन्या वायरमधून आणि त्याच स्विचमधून जातात. १५ चा फ्यूज उडतो, म्हणून ३० चा बसवतात. आता फ्यूजच्या आधी वायर तापते. कशेडीच्या घाटात रात्री दोन वाजता डॅशबोर्डमधून धूर आला तर आंब्याच्या पेट्यांचं आणि ड्रायव्हरचं काय होईल, तुम्हीच सांगा. मूळ दुखणं पुष्कळदा खराब अर्थ आणि गंजलेलं कनेक्शन एवढंच असतं. साधे बल्ब, योग्य जाडीची वायर, रिले आणि बरोबर फ्यूज लावला की काम होतं.

"सर, आमच्याकडे सगळे ओळखीचे. तपासणीचे कोण देणार?" हा प्रश्न मला माहीत आहे. डॉक्टर दोनच गोळ्या लिहून देतो, तरी आपण फी देतो ना? कारण काय झालंय ते तो सांगतो. तुम्हीही सांगा, आणि दाखवा. लाइट चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी लाइटच्या अर्थला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थ खराब. दुरुस्तीनंतर तोच आकडा परत दाखवा. आकडा उतरलेला दिसला की गिऱ्हाईक घासाघीस कमी करतो.

आणि हो, "काम केलं तर तपासणी फ्री" असला बोर्ड लावू नका. तो लावलात की काहीतरी बदलायची सक्ती पुन्हा तुमच्यावरच आली.

उद्यापासून तीन गोष्टी करा.

१. गाडी हातात घेण्याआधी तपासणीची फी सांगा. किती ते तुमच्या तासाच्या खर्चावरून ठरवा, शेजाऱ्याच्या रेटवरून नाही.
२. बिलावर फॉल्ट काय होता आणि कुठली वायर, किती अँपिअरचा फ्यूज लावला ते लिहा. पुढच्या वेळी तुमचाच तास वाचेल.
३. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं. तारीख वहीत टिपून ठेवा आणि महिनाभर आधी मालकाला फोन करा.

सुरुवातीला दोन-चार गिऱ्हाइकं जातील, जाऊ द्या. ज्याची गाडी हंगामात एक दिवस बंद राहिली तर भाडं बुडतं, तो तुमच्याकडेच येईल. त्याला स्वस्त वायरिंगवाला नकोय, त्याला रात्री घाटात पेटलेली लाइट हवी आहे.