चालती गाडी बंद पडते तेव्हा

काही काळापूर्वी तंजावरहून कुंभकोणमला चाललो होतो. गाडी यजमानांची होती आणि तेच चालवीत होते. भोसल्यांच्या काळी कावेरीकाठी स्थिरावलेल्या मराठी घराण्यांपैकी त्यांचे एक घराणे. घरात अजून मराठी बोलतात, हिशेब मात्र तमिळमध्ये लिहितात. पापनाशम मागे पडले. दारासुरमच्या अलीकडे एका बैलगाडीला वळसा घालताना आमचे इंजिन एकाएकी बंद पडले. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले, स्टिअरिंग दगडासारखे जड झाले आणि ब्रेकचे पेडल दुसऱ्या दाबाला कडक लागले. मागून येणाऱ्या बसच्या चालकाने करकचून ब्रेक लावला म्हणून हा लेख लिहायला मी आहे. पाच मिनिटांनी किल्ली फिरवली, तर काहीच न घडल्यासारखी गाडी सुरू झाली.

यजमान शांत होते. तीन वर्षांच्या त्या गाडीने असा धक्का देण्याची ही चौथी वेळ होती. आधीच्या तिन्ही वेळी त्यांनी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे संगणकाला जोडून पाहिली आणि तिन्ही जॉबकार्डांवर एकच शेरा मारून दिला : दोष आढळला नाही. दोष केव्हातरी प्रकटणारा आणि तपासणी पाच मिनिटांची, मग आढळणार कसा?

मी अनेक वर्षे सरकारी नोकरीत काढली आहेत. 'दोष आढळला नाही' हे वाक्य वाचले की मला माझ्याच फायली आठवतात. आमच्याकडे महिनाअखेरीस किती तक्रारी 'निकाली काढल्या' याचा तक्ता जात असे. तक्रार निकाली निघाली म्हणजे तक्रारीचे कारण निघाले, असे तो तक्ता कुठेही म्हणत नसे आणि ते कोणी विचारीतही नसे. असो.

गाडी बंद पडणे ही 'गैरसोय' की 'धोका', हा प्रश्न शब्दांचा वाटतो, पण त्यावर माणसे मेली आहेत. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कोबाल्ट, आयन आदी गाड्यांत किल्लीचा स्विच सैल होता. जड जुडग्याने किंवा रस्त्यातल्या हिसक्याने किल्ली मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होत. चालकांनी तक्रारी केल्या. कंपनीच्या अभियंत्यांनी त्यांची वर्गवारी 'ग्राहकाची सोय' या सदराखाली केली. सुरक्षेच्या सदराखाली नव्हे. २०१४ साली कंपनीनेच नेमलेल्या अँटन वालुकस यांच्या चौकशी अहवालात हे नमूद आहे. पुढे स्विच बदलला, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला, त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे शोधणाऱ्यालाही कळेना. फायलीचा क्रमांक न बदलता आतला कागद बदलणे म्हणजे काय, हे ज्याने कचेरीत काम केले आहे त्याला सांगायला नको. अखेर जगभरातील सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि कंपनीच्या भरपाई योजनेने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

याच प्रकरणात न्यूयॉर्क टाइम्सने सरकारी नोंदी चाळून दाखवले होते, की अकरा वर्षांत या गाड्या मध्येच बंद पडल्याच्या २६० हून अधिक तक्रारी सरकारकडे आल्या होत्या. तिथल्या यंत्रणेने २००७ मध्ये चौकशी सुरू करण्याचे नाकारले, हा तिचा अपराध. पण नोंदी जनतेला खुल्या होत्या, म्हणून तो अपराध उघडकीला तरी आला.

आता आपल्याकडे या. २०१२ पासून वाहन उद्योगाच्या संघटनेची ऐच्छिक संहिता होती. परत बोलावणे न बोलावणे कंपनीच्या मर्जीवर. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. हे कलम चांगले आहे. दोषाची खबर विहित प्रमाणात मालकांकडून, चाचणी संस्थेकडून किंवा 'अन्य कोणत्याही स्रोताकडून' आली तरी चालेल, असे ते म्हणते. पण १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत मालकांच्या तक्रारींचा उंबरठा ठरवला गेला. मोटारीच्या ज्या मॉडेलची वार्षिक विक्री दहा हजारांवर आहे, त्याच्याविरुद्ध १,२५० तक्रारी हव्यात. शिवाय गाडी सात वर्षांच्या आतली हवी.

बाराशे पन्नास! म्हणजे अमेरिकेतल्या त्या जीवघेण्या गाड्या आपल्याकडे विकल्या गेल्या असत्या, तर सगळ्या मॉडेलांच्या अकरा वर्षांच्या तक्रारी एकत्र केल्या तरी आपल्या उंबरठ्याच्या पाचव्या भागापाशीच थांबल्या असत्या. आणि सात वर्षांची अट कोणाला बाहेर काढते? नवी गाडी न परवडणाऱ्याला, कुंभकोणम किंवा करमाळ्यासारख्या गावी तिसऱ्या हातची गाडी घेणाऱ्याला.

यावर उत्तर ठरलेले आहे : उंबरठा नसला तर प्रतिस्पर्धी कंपन्या खोट्या तक्रारींचा पाऊस पाडतील. ही भीती खोटी नाही. पण खोटी तक्रार ओळखायची ती तपासून, मोजून नव्हे. शंभर खोट्या तक्रारींपेक्षा जॉबकार्डांसह आलेल्या पाच खऱ्या तक्रारी अधिक सांगतात. मोजणे सोपे असते आणि तपासायला माणूस लागतो, म्हणून प्रशासनाला मोजणे आवडते. कंपन्या सगळ्याच लपवाछपवी करतात असेही नाही. एप्रिल २०२१ मध्ये होंडाने भारतातील ७७,९५४ गाड्या इंधनपंपासाठी परत बोलावल्या आणि त्या पंपामुळे कालांतराने इंजिन बंद पडू शकते हे स्वतः जाहीर केले. पण सुरक्षा ही कोणाच्या चांगुलपणावर सोडायची बाब नव्हे.

ज्या कुंभकोणमकडे आम्ही चाललो होतो, तिथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या आगीत ९४ मुले जळून मेली. स्वयंपाकाच्या जागेतली ठिणगी गवती छपराला लागली होती. त्यानंतर राज्यभरच्या शाळांवरची तसली छपरे उतरवण्यात आली. गवत पेटते हे कळायला किती अर्जांची गरज होती? सर टी. माधवराव याच गावी १८२८ साली जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करून गेले. आमच्या पेशातला हा मोठा पूर्वज. अशा गावात प्रशासनावर बोलताना माझी मान आपोआप खाली जाते.

करता काय येईल? कलमातला 'अन्य स्रोत' हा शब्दप्रयोग उगाच लिहिलेला नाही. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतो आणि बहुधा 'यांत्रिक दोष नाही' असे लिहून मोकळा होतो. बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू झाले की त्याच्या दृष्टीने दोष संपला. मग गुन्हा चालकावर. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू झाले. राज्यांमध्ये अपघातांची संख्या सर्वाधिक होती ती याच तमिळनाडूत. देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात बसवलेले आहेत. पुढची गाडी मध्येच का थांबली, हे त्या रकान्यातून कळत नाही. आयआयटी मद्रासने विकसित केलेली अपघात नोंदीची संगणक प्रणाली २०२१ पासून महाराष्ट्र आणि तमिळनाडूसह सहा राज्यांत प्रथम सुरू झाली. निरीक्षकाने तीत 'अपघातापूर्वी इंजिन बंद पडले होते काय' हा एक प्रश्न चालकाला विचारून, गाडीच्या मॉडेलसह भरलाच पाहिजे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर फोन केला की क्रेन येते, म्हणजे तिथेही बंद पडलेल्या गाडीची खबर जमा होते. या दोन्ही ठिकाणची माहिती चाचणी संस्थेकडे आपोआप गेली पाहिजे. आणि प्रत्येक तक्रार, तक्रारदाराचे नाव वगळून, सर्वांना पाहता आली पाहिजे. अमेरिकेत राहणारे वाचक आपल्या गाडीच्या मॉडेलवरील तक्रारी घरबसल्या वाचतात. इथल्या मालकाला शेजाऱ्याची गाडीही अशीच बंद पडते हे चहाच्या टपरीवर कळते.

परराज्यात राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सांगतो. गाडी महाराष्ट्राच्या नंबरची आणि सर्व्हिस सेंटर तिकडच्या भाषेत बोलणारे, अशी अवस्था असली तरी जॉबकार्डावर आपले म्हणणे आपल्या शब्दांत लिहवून घ्या : किती वेगाला, कोणत्या रस्त्यावर, किती वाजता. 'ग्राहक असमाधानी' एवढेच लिहू देऊ नका. केंद्राच्या वाहन पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, तिथेही ती नोंदवा.

यजमानांना मी हेच सांगितले. ते हसले. महिनाभराने त्यांचा फोन आला, गाडी विकून टाकली होती. घेणारा मायिलाडुतुरैचा एक तरुण, भाड्याने चालवणार होता. विकताना चारही वेळची हकीकत त्याला सांगितली का, असे मी विचारले. थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, तिन्ही जॉबकार्डे दिली आहेत, त्यांवर दोष नाही असेच लिहिले आहे ना.